घरमालकाला साडेसात, राहणाऱ्याला दहा

प्रश्न : माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी दक्षिण लंडनमधल्या एका जुन्या कौन्सिल वसाहतीत फ्लॅट घेतला. आता तो बायको-मुलांसह रीडिंगला राहतो आणि तो फ्लॅट भाड्याने दिला आहे. परवा कौन्सिलचं पत्र आलं. वसाहत पाडून नवी बांधायची आहे, फ्लॅट आम्हाला विका, बाजारभाव देऊ आणि वर साडेसात टक्के. त्याच मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या शेजारणीला मात्र दहा टक्के, शिवाय नव्या इमारतीत जागेचा प्रस्ताव. हा दुजाभाव का? भाचा थोडे दिवस तिथे राहायला गेला तर त्याला दहा मिळतील का? विकायला नाही म्हटलं तर? आणि आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात नवा फ्लॅट, वर कॉर्पस असं मिळतं, तसं तिकडे का नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दुजाभाव आहे, पण तो माणूस पाहून केलेला नाही, कायद्यानेच करून ठेवला आहे. भाचा त्या फ्लॅटमध्ये राहत असता तर त्यालाही दहाच टक्के मिळाले असते. आणि शेजारीण दुसरीकडे राहून फ्लॅट भाड्याने देत असती, तर तिच्याही पत्रात साडेसातच छापलं असतं.

इंग्लंडच्या कायद्याचा हिशेब असा आहे. सरकारने किंवा कौन्सिलने घर घेतलं की मालकाची एक मालमत्ता जाते, ती बाजारभावाने भरून निघते. पण तो तिथे राहत असेल तर त्याची मुलांची शाळा, शेजार, डॉक्टर, रोजची बस हे सगळंही सुटतं. या दुसऱ्या नुकसानीसाठी १९७३च्या जमीन भरपाई कायद्याने ‘होम लॉस पेमेंट’ सुरू केलं. १९९१च्या दुरुस्तीनंतर राहत्या मालकासाठी ते घराच्या किमतीच्या दहा टक्के झालं. ऑक्टोबर २०२३मध्ये ठरलेल्या आकड्यांप्रमाणे ते किमान ८,१०० आणि कमाल ८१,००० पौंड असतं.

भाड्याने देणाऱ्या मालकाला या खात्यात पूर्वी काहीच मिळत नसे. २००४च्या कायद्याने त्याच्यासाठी ‘बेसिक लॉस पेमेंट’ आणलं. किमतीच्या साडेसात टक्के, पण ७५,००० पौंडांच्या वर नाही. म्हणजे कमाल रक्कम गाठायला घर दहा लाख पौंडांचं हवं, आणि जुन्या वसाहतीतल्या फ्लॅटचा तो भाव नव्हे. हे पैसे मिळायला मालकी किमान वर्षभराची लागते. आणखी एक अट पुष्कळ घरमालकांना ठाऊक नसते. घराची दुरुस्ती करा अशी कायदेशीर नोटीस कौन्सिलने बजावली असेल आणि मालकाने ती तशीच पडू दिली असेल, तर हे साडेसात टक्के हातचे जातात. छताला ओल, भिंतीला बुरशी, बॉयलर बंद आणि घरमालक फोन उचलत नाही, अशांना कायद्याने दिलेली ही चपराक आहे, आणि मला ती रास्त वाटते. भाच्याला विचारा, अशी एखादी जुनी नोटीस कुठे दडून बसलेली नाही ना.

आता रकमा मांडून पाहू. फ्लॅटची किंमत तीन लाख पौंड धरा. भाच्याला वर मिळतील २२,५००, शेजारणीला ३०,०००. फरक साडेसात हजारांचा. त्यावरून कौन्सिलशी भांडत बसण्याआधी त्याने दुसरीकडे बघावं, कारण मोठा पैसा तिथे आहे.

१९६१च्या जमीन भरपाई कायद्यात १०ए नावाचं एक छोटं कलम आहे. मालक त्या घरात राहत नसेल आणि ताबा गेल्याच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत त्याने ब्रिटनमध्ये दुसरी मालमत्ता घेतली, तर ती घेण्याचा वाजवी खर्च त्याला भरपाईत मागता येतो. वकील, सर्व्हे आणि मुख्य म्हणजे स्टँप ड्यूटी. ३१ ऑक्टोबर २०२४पासून इंग्लंडमध्ये दुसऱ्या घरावर स्टँप ड्यूटीचा अधिभार पाच टक्के झाला आहे. एप्रिल २०२५च्या टप्प्यांप्रमाणे तीन लाखांचं दुसरं घर घेतलं तर ड्यूटी होते २०,००० पौंड. खरेदीदार ब्रिटनचा रहिवासी नसेल तर आणखी दोन टक्के, म्हणजे २६,०००. ज्या साडेसात टक्क्यांवरून घरात चर्चा चालू आहे, जवळपास तेवढीच ही दुसरी रक्कम, आणि कौन्सिलच्या पहिल्या पत्रात तिचा उल्लेख सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती मागणाऱ्यालाच मिळते. वर्ष उलटलं की हक्क संपला. आणि खरेदी ब्रिटनमध्येच हवी. ठाण्यात फ्लॅट घेऊन त्याची स्टँप ड्यूटी लंडनच्या कौन्सिलकडे मागता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थोडे दिवस राहायला जाण्याची युक्ती मात्र सोडा. दहा टक्क्यांसाठी घर सुटण्याच्या दिवसापर्यंत सलग वर्षभर तेच मुख्य राहतं घर असावं लागतं. टपाल तिथे मागवून आणि रविवारी चक्कर मारून ते होत नाही. कौन्सिल टॅक्स कोणाच्या नावावर, मतदारयादीत नाव कुठे, मुलं कुठल्या शाळेत, हे सगळं कौन्सिलच्याच दप्तरात असतं. खरोखर राहायला गेला तर हक्क मिळेल. पण हिशेब करा. महिन्याला दीड हजार पौंड भाडं धरलं तर वर्षाचं अठरा हजार बुडणार, साडेसात हजारांसाठी. शिवाय रीडिंगचा संसार हलवायचा आणि भाडेकरूला काढायचं. खोटं सांगितलं तर प्रकरण फसवणुकीत जाईल ते वेगळं.

‘नाही’ म्हणता येतं का? आज येतं. सध्याचं पत्र विनंतीचं दिसतं. कौन्सिलने आधी समजुतीने घरं घेण्याचा प्रयत्न करावा अशी सरकारी मार्गदर्शक सूचनाच आहे. समजूत पटली नाही तर कौन्सिल सक्तीच्या खरेदीचा हुकूम काढते. तिकडे त्याला सगळे ‘सीपीओ’ म्हणतात. त्यावर हरकती घेता येतात, हरकती टिकल्या तर जाहीर चौकशी होते, आणि शेवटी गृहनिर्माण मंत्री किंवा त्यांच्या वतीने निरीक्षक हुकूम मंजूर करतो किंवा फेटाळतो. सार्वजनिक हितासाठी याला पर्याय नाही, हे कौन्सिलला तिथे पटवून द्यावं लागतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. साउथवर्कमधली एल्सबरी वसाहत सुमारे २,७०० घरांची. १९९७मध्ये पंतप्रधान झाल्यावर टोनी ब्लेअर यांनी तिथेच येऊन भाषण केलं होतं. तिथला हुकूम सप्टेंबर २०१६मध्ये तेव्हाचे मंत्री साजिद जाविद यांनी नामंजूर केला. तिथल्या राहत्या मालकांना मिळणाऱ्या पैशात त्याच भागात पुन्हा घर परवडणार नाही, आयुष्यभराची बचत त्यात घालावी लागेल, आणि याचा फटका कृष्णवर्णीय आणि अल्पसंख्याक कुटुंबांना जास्त बसेल, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुढे तो निर्णय रद्द झाला, कौन्सिलने मालकांसाठीच्या अटी सैल केल्या आणि दुसऱ्या फेरीत मंजुरी मिळवली. शेजारणीला नव्या इमारतीत जागेचा प्रस्ताव मिळतो आहे, त्यामागे अशा लढायांचा इतिहास आहे. त्याच भागातल्या हेगेट वसाहतीतल्या मालकांना अशी नशिबाची साथ मिळाली नाही. तिथून निघालेल्या कित्येकांना मिळालेल्या पैशात लंडनच्या कडेला, जुन्या वस्तीपासून फार लांब घर घ्यावं लागलं.

पण एल्सबरीचा दाखला भाच्याला फारसा उपयोगी नाही. तो खटला राहत्या घराच्या हक्कावर उभा होता. भाच्याचं राहतं घर रीडिंगला आहे. त्याच्या बाजूने फक्त मालमत्तेचा हक्क उरतो, आणि बाजारभाव पूर्ण चुकता केला की तो हक्क बराचसा शमतो.

हा ‘बाजारभाव’ नीट समजून घ्यायला हवा, कारण वाद होतो तो इथेच. नियम असा की, योजना आलीच नसती तर राजीखुशीने विकणाऱ्याला खुल्या बाजारात काय मिळालं असतं, ती किंमत. योजनेच्या बातमीमुळे भाव पडला असेल तर ती पडझड धरायची नाही. योजनेमुळे भाव चढला असेल तर ती चढणही धरायची नाही. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात मूल्यांकन करणारा वसाहतीत येतो तेव्हा त्याला काय दिसतं? निम्म्या फ्लॅटच्या दारांना पोलादी पत्रे ठोकलेले, लिफ्ट आठवडाभर बंद, खाली दुकानं मिटलेली. गेल्या दोन वर्षांत तिथे ज्या काही विक्री झाल्या त्या बहुतेक कौन्सिललाच झालेल्या, म्हणजे तुलनेसाठी दाखवले जाणारे भाव खुद्द खरेदीदारानेच ठरवलेले. म्हणून भाच्याचा सर्व्हेयर जवळच्या, पाडकामाच्या यादीत नसलेल्या वसाहतीतले भाव शोधून मांडणारा हवा. लीजची किती वर्षं शिल्लक आहेत तेही पाहायला सांगा. ती ऐंशीच्या खाली गेली की किंमत झपाट्याने उतरते.

किंमत मोजायची तारीख म्हणजे ताबा कौन्सिलकडे जाण्याची तारीख, किंवा त्याआधी करार झाला तर कराराची. ताबा घेताना किमान तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. रकमेवर एकमत होत नसलं तरी कौन्सिलने स्वतः काढलेल्या अंदाजाच्या ९० टक्के आगाऊ मागता येतात, ते मागावेत. घेतल्याने वाद सोडला असं होत नाही. उरलेला वाद अपर ट्रायब्युनलकडे नेता येतो, मुदत सहा वर्षांची. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेचा वाटा जातो, हे सांगायला नको.

खरा जाच मात्र किमतीचा नसतो, वाट पाहण्याचा असतो. वसाहत पाडणार अशी बातमी फुटली की चांगले भाडेकरू निघून जातात, बँका कर्ज देत नाहीत, विकायला काढलं तर गिऱ्हाईक येत नाही. अशा वेळी राहत्या मालकाला ‘ब्लाइट नोटीस’ देऊन कौन्सिलला घर लगेच घ्यायला लावता येतं. भाड्याने देणाऱ्याला हा मार्ग बंद आहे. त्याने बसून राहायचं. आणि कधी कधी योजनाच येत नाही. लिव्हरपूलच्या वेल्श स्ट्रीट्सचं उदाहरण घ्या. २००२मध्ये उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या नऊ भागांत जुनी घरं घेऊन पाडण्याची मोठी सरकारी योजना सुरू झाली. त्यात या गल्ल्या होत्या, रिंगो स्टारचा जन्म झाला ती मॅड्रिन स्ट्रीटसुद्धा. घरं रिकामी होत गेली, खिडक्यांना पत्रे लागले. २०११मध्ये योजनेचे पैसे बंद झाले. २०१५मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांनी तिथलं पाडकाम नामंजूर केलं, आणि शेवटी बरीच घरं दुरुस्त करून पुन्हा वस्ती झाली. गल्ल्या वाचल्या, हे चांगलंच झालं. पण मधल्या वर्षांत ज्यांची घरं तिथे अडकली त्यांचा विचार कोणत्याही कलमात नाही.

आता आपल्या सोसायटीशी तुलना. तुमच्या सोसायटीत सभासदांची जमीन सामाईक असते आणि एफएसआय वाढवून मिळतो. वाढलेल्या मजल्यांतून बिल्डरचा नफा निघतो आणि त्यातूनच तुमचा नवा फ्लॅट, भाडं, कॉर्पस. सभासद स्वतः राहतो की भाड्याने देतो, हे तिथे कोणी विचारत नाही. लंडनच्या वसाहतीत जमीन कौन्सिलची. १९८०च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहता फ्लॅट सवलतीत घ्यायची मुभा मिळाली, पण मिळालं ते बहुधा १२५ वर्षांचं लीज. पुढे हेच फ्लॅट हातोहात विकले गेले आणि लंडनमध्ये त्यांतले कित्येक पुन्हा भाड्याने लागले, फक्त आता खासगी घरमालकाकडून. भाच्याचा फ्लॅट त्यातलाच असणार. नव्या टॉवरमध्ये जो नफा दडला आहे त्यात लीजवाल्याचा वाटा नाही. ‘योजना नसती तर’ या नियमाने तो वाटा आधीच कापला आहे. तेव्हा मुंबईचा हिशेब तिकडे लावून कौन्सिलच्या अधिकाऱ्याशी बोलू नये, वेळ जाईल.

प्रश्न : आपल्याकडे भूसंपादनात १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. इंग्रजांनीच आपल्याला हा कायदा दिला ना? मग त्यांच्याकडे साडेसातच का?
– एक शेतकरी वाचक, सातारा

उत्तर : चांगला प्रश्न. १८४५च्या कायद्याखाली इंग्लंडमध्ये रेल्वेसाठी जमिनी घेतल्या जात, तेव्हा सक्तीबद्दल किमतीवर दहा टक्के जास्त देण्याचा रिवाज होता. पहिल्या महायुद्धानंतर सरकारला घरांसाठी आणि रस्त्यांसाठी जमिनी स्वस्तात हव्या होत्या. १९१९च्या कायद्याने तो रिवाज मोडला आणि सक्तीबद्दल एक पैसाही जास्त द्यायचा नाही असा नियम केला. तो नियम आजच्या १९६१च्या कायद्यातही पहिल्या क्रमांकावर बसलेला आहे. इकडे १८९४च्या कायद्यात १५ टक्के होते ते राहिले. १९८४मध्ये ३० झाले आणि २०१३च्या कायद्याने १००.

इंग्लंडने ज्याला दारातून बाहेर काढलं ते १९७३ आणि २००४मध्ये मागच्या दाराने, दुसऱ्या नावाने आत आणलं. फरक इतकाच की तिकडे ते राहणाऱ्याला जास्त आणि नुसत्या मालकाला कमी. हे तत्त्व मला पटतं. पण साडेसात टक्क्यांचा आकडा दगडावर कोरलेला नाही. डिसेंबर २०२४मध्ये ब्रिटिश सरकारने भरपाईच्या नियमांत बदल चर्चेला ठेवले, त्यात नुसत्या मालकाचा वाटा कमी करून प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा वाढवण्याचा विचार होता. म्हणून ज्याचं प्रकरण चालू आहे त्याने टक्का जुन्या माहितीपत्रकावरून धरू नये. ताब्याच्या तारखेला लागू असलेला कायदा पाहावा.

प्रश्न : आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं की इंग्लंडमध्ये अजूनही विशाखापट्टणमचा एक खटला शिकवतात. खरं आहे का?
– कायद्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. तिकडचे वकील त्याला नुसतं ‘इंडियन केस’ म्हणतात. विशाखापट्टणमचं बंदर उभं राहत होतं आणि परिसर मलेरियाने पछाडलेला होता. मलेरिया हटवण्याच्या कामासाठी बंदराला राजे व्यरिचेर्ला नारायण गजपतिराजू यांची जमीन हवी होती. त्या जमिनीत चांगल्या पाण्याचा झरा होता. राजे म्हणाले, बंदराला पिण्याचं पाणी लागणारच, तेव्हा या झऱ्याची किंमत धरा. सरकार म्हणालं, ते पाणी घेणारं बंदराशिवाय दुसरं आहे कोण? एकच गिऱ्हाईक असेल तर त्याला किंमत कशी? प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९३९मध्ये लॉर्ड रोमर यांनी राजांच्या बाजूने निकाल दिला. जमीन घेणारा हाच एकमेव संभाव्य खरेदीदार असला तरी जमिनीच्या अंगच्या गुणाला किंमत असते आणि ती द्यावी लागते.

त्याच्या बरोबरीने दुसरा खटला वाचा, त्रिनिदादचा, १९४७चा. तिथे अमेरिकेच्या नौदल तळासाठी दगडखाणीची जमीन घेतली. मालक म्हणाला, तळ बांधायला माझाच दगड लागणार, म्हणून भाव वाढवा. प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला, कारण ही वाढ त्या तळाच्या योजनेमुळेच झाली होती. झऱ्याचं पाणी तुमचं स्वतःचं, तळामुळे आलेली मागणी योजनेची. या दोन निकालांमधली रेघ कुठे ओढायची यावर इंग्लंडची न्यायालयं पाऊण शतक डोकं खाजवत होती. २०१७मध्ये संसदेने ‘योजना नसती तर’ हा नियम नव्याने लिहून काढला. मोडक्या वसाहतीतल्या एका फ्लॅटची किंमत ठरवताना विशाखापट्टणम आणि त्रिनिदाद दोन्ही आठवावे लागतात, हे तुमच्या प्राध्यापकांना जरूर सांगा.

प्रश्न : आपल्याकडे संपादनाच्या मोबदल्यावर आयकर नाही. ब्रिटनमध्ये?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भारतात २०१३च्या कायद्याच्या ९६व्या कलमाने माफी आहे. ब्रिटनमध्ये घरमालकाला अशी सूट नाही. राहतं घर नसेल तर खरेदी आणि मोबदला यांतल्या फरकावर भांडवली नफा कर लागतो. ६ एप्रिल २०२४पासून घरांसाठी दर १८ आणि २४ टक्के, आणि वर्षाची माफी जेमतेम ३,००० पौंड. विक्रीनंतर साठ दिवसांत विवरण भरून कर भरावा लागतो. सक्तीची विक्री म्हणून मुदत वाढत नाही.

एक सुटका आहे. सक्तीच्या खरेदीचे अधिकार असलेल्या संस्थेला मालमत्ता दिली आणि त्या पैशातून आधीच्या एका किंवा नंतरच्या तीन वर्षांत दुसरी घेतली, तर १९९२च्या कायद्याच्या २४७व्या कलमाखाली कर पुढे ढकलता येतो. पण नवं घर पुढच्या सहा वर्षांत स्वतःचं राहतं घर झालं तर सवलत जाते. आणि दुसरी अट फार नाजूक आहे. मालकाने घर विकायला काढलेलं नसावं, विकायची तयारी आहे असं कौन्सिलला किंवा इतर कुणाला कळवलेलं नसावं. ‘हो हो, आम्ही विकायला केव्हाही तयार आहोत’ असं उत्साहाने लिहिलेलं एक ईमेल पुढे हजारो पौंडांना पडू शकतं. ठाण्याच्या वाचकांनी हा परिच्छेद भाच्याला आजच पाठवावा.

प्रश्न : लेस्टरमधल्या आमच्या घरात एक कुटुंब चार वर्षं भाड्याने राहतंय. कौन्सिलची बोलणी चालू आहेत. विक्रीआधी घर रिकामं करून द्यावं का?
– एक वाचक, सध्या लेस्टर

उत्तर : घाई करू नका. तुमचे भाडेकरू वर्षभराहून जास्त राहिले आहेत. कौन्सिलच्या संपादनामुळे त्यांना घर सोडावं लागलं तर होम लॉस पेमेंटची ठरलेली रक्कम (२०२३च्या आकड्याप्रमाणे ८,१०० पौंड) आणि सामान हलवण्याचा वाजवी खर्च मिळण्याचा त्यांना हक्क असू शकतो. ते पैसे कौन्सिलच्या खिशातून जातात, तुमच्या नाही. तुम्ही आधीच नोटीस देऊन त्यांना काढलंत तर कारण ‘कौन्सिल’ राहत नाही, ‘घरमालक’ होतं, आणि त्यांचा हक्क बुडतो. काही कौन्सिली रिकाम्या घराचा आग्रह धरतात, त्यामागे हेही गणित असतं. तो आग्रह आला तर लेखी मागा, आणि भाडेकरूंना त्यांचा हक्क सांगून त्यांना सल्ला कुठे मिळेल तेही सांगा. चार वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्यांसाठी एवढं करायला हरकत नसावी. शिवाय २०२५च्या भाडेकरू हक्क कायद्याने कारण न देता घर खाली करायला लावण्याची जुनी सोय मोडीत काढली आहे, तेव्हा तो रस्ता पूर्वीसारखा सरळही राहिलेला नाही.

या निमित्ताने सर्वच घरमालक वाचकांसाठी एक गोष्ट. सक्तीचा हुकूम निघण्याआधी तुम्ही राजीखुशीने विकलंत, तर साडेसात टक्के, १०ए कलमाचा खर्च आणि सर्व्हेयरची फी हे सगळं आपोआप मिळेल असं धरू नका. हुकुमाखाली जे मिळालं असतं ते सर्व या करारातही मिळेल, असं वाक्य कौन्सिलकडून सही होण्याआधी लिहून घ्या. सर्व्हेयर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा सभासद आणि सक्तीच्या खरेदीची कामं केलेला निवडा. त्याची वाजवी फी सहसा कौन्सिल देते, पण किती आणि कधी देणार याचं पत्र त्याने कामाला हात लावण्याआधी मिळवा.